तळघरातला पहिला गॅरेज सेट: एका तासाची तयारी

लंडनमधल्या एखाद्या तळघरातल्या क्लबात शुक्रवारी ११ ते १२ वाजवायला कुणी बोलावलंय आणि रात्र यूके गॅरेजची (लंडनमध्ये वाढलेल्या नाचाच्या संगीताची) आहे, असं समजून हे लिहितेय. दोन डेक जुळवता येतात, हेडफोनमध्ये एक आणि बाहेर दुसरं ऐकायची सवय आहे, एवढं गृहीत धरते. हाउस किंवा टेक्नो वाजवून इकडे आलेल्यांनी जरा सावकाश वाचावं. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त घोळ त्यांचाच होतो. माझाही झाला.

आधी उच्चार. लंडनमध्ये या संगीताला 'गॅरिज' म्हणतात, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजसारखंच. 'गराऽज' असं लांबवलंत की समोरच्याला वाटतं तुम्ही न्यूयॉर्कबद्दल बोलताय. ते अगदीच चूक नाही म्हणा. नाव आलंय न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज या क्लबावरून. १९७७ ते १९८७ तिथे लॅरी लेव्हन वाजवायचा. त्या परंपरेतली, गाण्यावर भर असलेली अमेरिकन रेकॉर्ड्स नव्वदच्या दशकात लंडनला आली. एलिफंट अँड कॅसल भागातला मिनिस्ट्री ऑफ साउंड हा क्लब रविवारी सकाळी सुटला की लोक जवळच्या पबमध्ये जमत. जंगल (तुटक ड्रम आणि जड बेसचं वेगवान संगीत) ऐकून कान तयार झालेल्या त्या गर्दीला मूळ वेग संथ वाटे, म्हणून डीजे टर्नटेबलची पिच (वेगाची पट्टी) वर सरकवत. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर पिच ८ टक्क्यांपर्यंत वर जाते. १२२ बीपीएमचं (मिनिटाला १२२ ठोक्यांचं) गाणं तेवढं वर नेलं की १३२ च्या आसपास येतं. आजही गॅरेज १३० ते १३५ मध्येच नांदतं. वेग वाढवला की गाणारीचा आवाज चिरका होई, म्हणून गाणं जवळजवळ नसलेल्या डब बाजू जास्त वाजू लागल्या. पुढे ही डब आपल्याला फार लागणार आहेत.

आधी कान

गाणी जमवायच्या आधी दोन आठवडे नुसतं ऐका. मांडीवर चार मात्रा मोजत ऐका. फोर-बाय-फोर प्रकारात किक (ड्रमचा खालचा, जड ठोका) चारही मात्रांवर पडते, तिथे काही गोंधळ नाही. टू-स्टेपमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरची किक काढून टाकलेली असते आणि तिथे स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) किंवा क्लॅप (टाळी) बसतो. उरलेल्यांपैकी एक किक समेवर पडते, दुसरी तिसऱ्या मात्रेच्या आगेमागे सरकलेली. हाय-हॅटसुद्धा (झांजेचा बारीक आवाज) सरळ चालत नाही. दर दुसरा ठोका किंचित उशिरा येतो, लावणीतला ढोलकीवाला मागे रेलतो तसा.

तबला ऐकला असेल तर एक गोष्ट चटकन कळेल. तीनतालात खाली आली की डग्ग्याची घुमक निघून जाते, 'धिं'चा 'तिं' होतो, आणि म्हणूनच घुमक परत येते तेव्हा मान आपोआप हलते. टू-स्टेपमध्ये हेच दर बारमध्ये (चार मात्रांत) होतं. किक जिथे नाही तिथे नाचणाऱ्याचा खांदा जातो. डीजे म्हणून तुमचं निम्मं काम ती जागा न भरण्याचं आहे. हाउसवाल्यांना ती भोक वाटते आणि ते लगेच तिथे काहीतरी कोंबतात.

माझी पहिली चूक इथलीच. फोर-बाय-फोर गाण्यावर टू-स्टेप आणताना सरकलेली किक मला सम वाटली. हेडफोनमध्ये सगळं छान बसलं होतं. बाहेर सोडल्यावर वीसेक सेकंद घोडागाडी दगडांवरून चालल्यासारखं ऐकू येत होतं. तेव्हापासून किक-किक जुळवणं सोडलं. स्नेअर स्नेअरला जुळवा. दुसरी आणि चौथी मात्रा दोन्ही प्रकारांत जागची हलत नाही.

काय घ्यायचं

तासाभरात २२ ते २५ गाणी वाजतील, कारण गॅरेजमध्ये कुणी सहा मिनिटं एकच गाणं चालू ठेवत नाही. सोबत साठ न्या, जास्त नको. सहाशे नेलीत तर सगळा वेळ स्क्रीन खालीवर करण्यात जाईल आणि समोरची माणसं दिसणारच नाहीत.

मी चार ढीग करते. पहिला, गाण्याचं फोर-बाय-फोर: ऑर्गनचा बेस, अंग उबदार करणारं. दुसरा, गाण्याचं टू-स्टेप. इथे १९९७ मधलं टीना मूरच्या 'नेव्हर गॉना लेट यू गो'चं केली जी याने केलेलं रीमिक्स मुद्दाम ऐका. ही चाल अजून नवी होती तेव्हाचं ते काम आहे, आणि त्यात किती कमी वाजतंय हे मोजण्यासारखं आहे. तिसरा ढीग डबचा. चौथा जड बेसचा. त्याच वर्षीचं डबल ९९ चं 'रिपग्रूव्ह' घ्या, जंगलमधून आलेला गुरगुरणारा बेस म्हणजे काय ते कळेल. नवी गाणीही हवीतच, नाहीतर सेट म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन होतं. कंडक्टाने २०१९ मध्ये काढलेलं कीवी रेकॉर्ड्स हे लेबल सुरुवातीला पुरेसं आहे.

गाणी विकत घ्या. बँडकॅम्प, बीटपोर्ट, ज्यूनोवर मिळतात. जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्स. व्हिडिओच्या साइटवरून उतरवलेली फाइल फोनवर बरी वाटते, पण क्लबच्या स्पीकरवर तिची हाय-हॅट पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. आणि गॅरेजमध्ये हॅट गेली की उरतं काय?

आपल्या चेहऱ्याकडे बघून कुणीतरी विचारणारच, 'इंडियन काही आहे का?' चिडू नका, त्याला उत्तर आहे. पंजाबी आवाज गॅरेजच्या तालावर चढवण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये जुने आहेत. २०२० मध्ये यंग सिंगच्या मिक्सने ते नव्या पिढीपुढे आणले, आणि त्याच सुमाराला उभ्या राहिलेल्या डेटाइमर्स या दक्षिण आशियाई मंडळींनी आपलं नावच मुळी ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या दिवसाच्या भांगडा पार्ट्यांवरून घेतलं. मराठीत? एका लावणीवर मी हात चालवून पाहिलाय. फाइल पेनड्राइव्हवर आहे. अजून धीर झालेला नाही.

पेनड्राइव्ह आणि व्हिसा

बहुतेक क्लबांत पायोनियरचे सीडीजे (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे डेक) असतात. दोन पेनड्राइव्ह, दोन्हींवर तीच प्लेलिस्ट, दोन्ही एफएटी३२ फॉरमॅटमध्ये. जुनी यंत्रं बाकीचे बरेच फॉरमॅट ओळखत नाहीत. गाणी रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून निर्यात करा, नुसती फाइल चिकटवू नका.

मग प्रत्येक गाण्याची ग्रिड (सॉफ्टवेअरने मांडलेल्या मात्रांच्या खुणा) स्वतः तपासा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. टू-स्टेपची किक आडमार्गाने पडत असल्याने सॉफ्टवेअर कधीकधी पहिली मात्रा भलतीकडेच दाखवतं. व्हिनाइलवरून उतरवलेल्या गाण्यात वेग मध्येच हलतो, म्हणून सुरुवातच नाही तर शेवटचं मिनिटही मेट्रोनोम लावून ऐका. सिंकचं (वेग आपोआप जुळवणारं) बटण वापरायला माझी हरकत नाही, पण ग्रिड चुकलेली असेल तर सिंक ती चूक अगदी इमानदारीने वाजवतं. हॉट क्यू (बटण दाबताच गाणं जिथून सुरू होतं त्या खुणा) चार लावते: पहिली मात्रा, गाण्याची सुरुवात, ड्रॉपच्या (ताल आणि बेस पूर्ण जोरात येतो त्या क्षणाच्या) बरोबर आधीची जागा, आणि बेस निघून जातो ती जागा. सगळ्या गाण्यांना याच क्रमाने. अंधारात बोट आपोआप जातं.

आणि हे विद्यार्थ्यांसाठी. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणूनही काम करता येत नाही. 'कॅश देतो, कुणाला कळतंय' असं म्हणणारे भेटतील. त्यांचा व्हिसा पणाला लागलेला नसतो. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला आधी विचारा, फुकट वाजवत असलात तरी. ग्रॅज्युएट व्हिसा मिळाल्यावर स्वयंरोजगाराची वाट मोकळी होते. मी तोवर थांबले आणि घरीच सराव केला, त्याचा तोटा काही झाला नाही.

खोली

दार उघडायच्या तासभर आधी पोचा. साउंड इंजिनियरला नाव विचारा, स्वतःचं सांगा. पुढचे चार तास तुमचा तारणहार तोच. मग एक जड बेसचं गाणं लावून खोलीभर चाला.

लहान खोलीत बेस विचित्र वागतो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे अख्खी खोली. ती भिंतींवर आपटून परत येते, कोपऱ्यात दुप्पट होते आणि काही जागी स्वतःलाच खाऊन टाकते. मी वाजवलेल्या एका तळघरात बूथ नेमका अशाच जागी होता. बेस नाहीच असं वाटून मी तो वाढवत राहिले. इंजिनियर येऊन कानाशी म्हणाला, 'बारकडे ग्लास नाचतायत.' तेव्हा बूथमधल्या कानावर बेसच्या बाबतीत विश्वास ठेवू नका. रिकाम्या खोलीत चालताना ऐकलेलं लक्षात ठेवा आणि नंतर मिक्सरच्या दिव्यांकडे बघा. हिरवा चालेल, पिवळा चालेल, लाल नको. आवाज वाढवायचा तर इंजिनियर वाढवेल.

दुसरं असं की रिकाम्या खोलीत हॅट टोचतात म्हणून लगेच कमी करू नका. शंभर माणसं आली की त्यांचे कपडे आणि अंगं वरचे सूर शोषून घेतात आणि तेच हॅट बोथट होतात.

कानात प्लग घाला. फोमचे नकोत, संगीतासाठी मिळणारे घ्या, त्यांनी आवाज कमी होतो पण चिखल होत नाही. ब्रिटनच्या कायद्यात कामाच्या जागी सरासरी ८५ डेसिबलला कानाचं संरक्षण बंधनकारक होतं, आणि क्लब त्याच्या बराच वर असतो.

पहिली वीस मिनिटं

११ वाजता खोलीत वीस माणसं असतील, त्यातली बारा बारपाशी. हा वेळ तुमच्या पराक्रमाचा नव्हे. डीजे ईझीचे व्हिडिओ बघून सगळ्यांनाच गाण्याचे तुकडे हॉट क्यूवर टकटक वाजवावेसे वाटतात. त्या माणसाने २०१६ मध्ये कॅन्सर रिसर्चसाठी सलग २४ तास वाजवलंय, त्याचं त्याच्यापाशी. तुम्ही पहिल्या ढिगातली गाण्याची गाणी काढा, १३० च्या आसपास, आणि लांब मिसळा. १३२ ला १६ बार म्हणजे २९ सेकंद, ३२ बार म्हणजे ५८. सुरुवातीला ३२ बारांचं मिसळणं चांगलं, कुणाला गाणं बदललेलं कळू नये. नंतर १६, मग ८.

बघायचं कुठे? पुढे उड्या मारणाऱ्या दोघांकडे नको, ते कशावरही नाचतात. कडेच्या माणसांचे पाय बघा. एकदा खांबाला टेकून एक बाई उभी होती, कोट हातावर, दुसऱ्या हातात ग्लास. तीन गाणी झाली, टाच थोडी हलत होती, बस्स. चौथ्या गाण्यात तिने कोट खांबामागच्या कठड्यावर ठेवला. नाचली नाही, फक्त हात मोकळा केला. मी लगेच पुढचं गाणं बदललं आणि पहिलं टू-स्टेप आणलं. दोन मिनिटांत ती खांबापासून तीन पावलं पुढे होती. तुमच्या खोलीत कोट नसेल, पिशवी असेल, फोन असेल. तो कधी खिशात जातो त्यावर डोळा ठेवा.

मोठं गाणं या वेळात नको. स्वीट फीमेल अॅटिट्यूडचं 'फ्लॉवर्स' तर मुळीच नको. २००० मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं ते गाणं अख्ख्या खोलीला पाठ असतं, आणि रात्री दोनला ते ज्याच्या वाट्याला आहे त्याचा घास तुम्ही सव्वाअकराला पळवाल.

मिसळताना

येणाऱ्या गाण्याचा लो (खालचे सूर, म्हणजे बेस) पूर्ण काढलेला. स्नेअर जुळले की फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळू वर, म्हणजे आधी फक्त हॅट आणि क्लॅप आत येतात. त्या वेळी जाणाऱ्या गाण्याचे हॅट थोडे खाली घ्या. दोन्हींचा स्विंग (हॅटचा तो किंचित उशीर) एकसारखा नसतो आणि दोन्ही हॅट पूर्ण वाजले की वेग जुळूनही करकर होते. हे मला फार उशिरा कळलं, आधी मी बिचाऱ्या पिचला दोष देत बसायचे.

मग सोळावा बार संपताना एका झटक्यात बेसची अदलाबदल: जाणाऱ्याचा लो बंद, येणाऱ्याचा चालू, बरोबर समेवर. दोन बेसलाइन एका वेळी कधीही नाहीत. हाउसमध्ये एखाद वेळ खपून जातं. गॅरेजची बेसलाइन मात्र स्वतःच गाते, आणि दोन गाणाऱ्या एकमेकींवर ओरडल्या की लहान खोलीत पोटात ढवळतं.

खऱ्या गाणाऱ्यांचंही तेच. गाण्यावर गाणं नको. इथे तो डबचा ढीग उपयोगी पडतो: गाणं, त्यावर डब, डबवर पुढचं गाणं. सराव करताना मी तर प्लेलिस्टच अशी लावली होती, एकाआड एक. थोडं यांत्रिक वाटलं तरी पहिल्या सेटला ते तुम्हाला तारेल. आणि मधूनमधून अदलाबदलीच्या आधी एक बार बेस दोन्हीकडून काढून बघा. फक्त एक बार, दोन सेकंदसुद्धा नाही. खोली श्वास रोखते ते ऐकू येतं.

माइक आणि वन्स मोर

रात्रीला एमसी (माइकवर तालात बोलणारा) असेल तर सुरू व्हायच्या आधी त्याच्याशी बोला. किती वेळ तो बोलणार, कुठल्या खुणेला तुम्ही जागा द्यायची, ते ठरवा. एमसी बोलत असताना तुमच्याकडे डब चालू हवं. गाणारीच्या कडव्यावर त्याला बोलायला लावणं म्हणजे दोघांचाही अपमान. माइकजवळचा मॉनिटर (बूथमधला स्पीकर) मोठा करू नका, शिट्टी वाजेल.

वयस्क एमसी भेटला तर त्याला आधी ऐकून घ्या. लंडनच्या पोलिसांचा ६९६ नंबरचा एक फॉर्म होता, २००५ ते २०१७. क्लबांनी त्यात कार्यक्रमाआधी डीजे आणि एमसींची नावं, पत्ते, फोन नंबर भरून द्यायचे. गॅरेज आणि त्यातूनच निघालेल्या ग्राइमवाल्यांना त्याचा सगळ्यात जास्त जाच झाला, आणि माइक नको, एमसी नको असं म्हणणं आयोजकांना सोपं वाटू लागलं. त्या काळातून टिकलेल्या माणसाच्या हातातला माइक तुमच्या सेटची शोभा वाढवायला आलेला नाही, तो सेटचा अर्धा मालक आहे.

आता रीलोड. गाण्याचा ड्रॉप पडतो, लोक ओरडतात, भिंत बडवतात, एमसी हाक देतो, आणि डीजे गाणं गर्रकन मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. जमैकाच्या साउंड सिस्टिमवरून आलेली ही रीत आपल्याला समजावून सांगावी लागू नये. संगीत नाटकात पदाला 'वन्स मोर' मिळायचा तो हाच. नियमही तेच: वन्स मोर प्रेक्षकांनी मागायचा असतो, नटाने स्वतःच घ्यायचा नसतो.

करायचं असं. जॉग व्हील व्हिनाइल मोडवर असल्याची खात्री आधीच करा. ड्रॉपनंतर चार-आठ बारांतच, गरम असतानाच, व्हीलवर तळवा ठेवून जोरात मागे फिरवा, आवाज मागे पळेल तसा फेडर खाली, ड्रॉपआधीच्या हॉट क्यूवर बोट, दोन सेकंद शांतता, मग फेडर वर आणि सोडा. ती शांतता गिळू नका. तासात दोन रीलोड भरपूर झाले, आणि पहिल्या वीस मिनिटांत एकही नाही.

माझा पहिला रीलोड सांगते. एमसीने हाक दिली, भिंत वाजली, मी उत्साहाने व्हील फिरवलं ते चुकीच्या डेकचं. हेडफोनमधलं पुढचं गाणं मागे गेलं, बाहेरचं मजेत चालू राहिलं. हात हवेत धरून मी उभी, आणि खोलीत काहीच घडलं नाही. एमसीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माइकवर म्हणाला, 'तिला गाणं इतकं आवडलंय की थांबवतच नाही.' हशा झाला. निभावलं. त्यानंतर मी चालू डेकच्या कडेला अंगठा टेकवून ठेवायला लागले.

उतरताना

१२ ला पाच कमी असताना पुढचा डीजे शेजारी येऊन उभा राहील. त्याला विचारा कुठलं चॅनेल हवंय, आणि तुमचं शेवटचं गाणं असं ठेवा की त्याच्या टोकाला बेस नसलेली मिनिटभर जागा असेल. त्यावर त्याला आरामात चढता येतं. टाळ्यांसाठी शेवटचं गाणं आटपून शांतता करणारे डीजे दुसऱ्यांदा बोलावले जात नाहीत.

पेनड्राइव्ह काढताना थांबा. डेक तारेने एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून डाव्या डेकमधल्या पेनड्राइव्हवरून उजवा डेक वाजत असू शकतो. चालू गाणं तुमच्याच पेनड्राइव्हवरचं असेल तर तो ओढल्याबरोबर गाणं एका तुकड्यावर अडकून गिरगिरायला लागतं, आणि खोलीतली सगळी डोकी बूथकडे वळतात. पुढच्याचं गाणं त्याच्या पेनड्राइव्हवरून चालू झालं, तुमचं चॅनेल बंद झालं, मगच यंत्रावरचं थांबवायचं बटण दाबून दिवा विझू द्या आणि काढा.

क्लबने सेट रेकॉर्ड केला असेल तर फाइल मागून घ्या, पण त्याच रात्री ऐकू नका. कानात अजून खोली असते. मी रविवारी दुपारी भांडी घासताना ऐकते, आणि जिथे हात साबणात थांबतो ती वेळ लिहून ठेवते. घरी जायला शुक्रवार-शनिवारी काही ट्यूब (भुयारी रेल्वेचे) मार्ग रात्रभर चालतात, बाकी ठिकाणी नाइट बस. चढायच्या आधी खिसा चाचपा. माझा एक पेनड्राइव्ह लावणीसकट कुठल्यातरी तळघरातल्या डेकमध्ये राहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो आणायला गेले तर इंजिनियरने विचारलं, 'ते शेवटचं काय होतं गं? पुन्हा आण ते.'